हातात घेतलेलं भाडं

आमचे घरमालक भाडं न्यायला स्वतः यायचे. मस्कतमध्ये आता असं फारसं कोणी करत नाही. वर्षभराचे चेक आधीच लिहून द्यायचे, मालकाने ते महिन्याच्या महिन्याला बँकेत टाकायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचं ते करारावर सह्या करताना, अशी इथली रीत. आमच्या म्हातारबुवांना ती मान्य नव्हती. इथल्या बौशर भागातलं दुमजली घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. खाली आम्ही, आणि वरचा मजला त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला. एरवी ते इब्रीला आपल्या खजुरांच्या बागेत राहायचे आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जुनी गाडी हाकत बौशरला यायचे.

संध्याकाळच्या जरा आधीचा नमाज झाला की दारावर टकटक व्हायची. बेल होती, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला भरतकामाची टोपी, हातात घरच्या खजुरांचा डबा. सोफ्याच्या एका कडेला बसून ते आल्याचा चहा प्यायचे आणि शंकरपाळे खायचे. शंकरपाळे संपले की माझ्याकडे असं बघायचे की मला हसू यायचं. त्यांचं हिंदी आमच्या अरबीपेक्षा बरं होतं. "बेटी स्कूल झैन?" मुलीची शाळा बरी चाललीय ना, हा प्रश्न दर वेळी. मुलगी "येस, बाबा" म्हणून पळायची. मग पाकीट घ्यायचं, न मोजता खिशात घालायचं, पावतीवर अरबीत काहीतरी गिरबटायचं आणि "यल्ला" म्हणत उठायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

मी मूळची संशयी. नवरा म्हणतो, तुला देवळातल्या तीर्थाचीही पावती लागते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्याला कारण आहे. मी भाडेकरूंच्या भांडणात वाढलेली मुलगी आहे.

पेणला आमच्या घराच्या मागे दोन खोल्या होत्या. माझ्या बाबांनी त्या मी जन्मायच्या आधी तालुका कचेरीतल्या एका कारकुनाला भाड्याने दिल्या. तेव्हा ठरलेलं भाडं पुढे कायद्याने जवळजवळ तिथेच राहिलं आणि घरपट्टी मात्र वाढत गेली. बाबा तावातावाने सांगायचे की या माणसाला मी राहायला जागा देतो आणि वर पालिकेचे पैसेही मीच भरतो. शेवटी त्यांनी भाडं घेणंच बंद केलं. वकिलांचा सल्ला होता तसा. भाडं थकलं की घर खाली करा म्हणता येतं, आणि मालकाने घेतलंच नाही तर ते थकणारच. पण मागच्यांनाही वकील होता. ते मनीऑर्डर करू लागले.

आज माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही. मागच्या खोलीतला माणूस पोस्टात जायचा, पैसे भरायचा, आणि ते पैसे सगळं गाव फिरून पोस्टमनच्या हातून आमच्या पुढच्या दारात यायचे. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच. बाबा चष्मा लावून बसायचे, फॉर्मवर 'घेण्यास नकार' असं लिहायचे आणि सही ठोकायचे. पोस्टमनला पाणी नेऊन द्यायचं काम माझं. पाणी पिऊन तो आल्या वाटेने परत जायचा. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असायच्या.

मागच्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघी एकाच वेळी घरातून निघायचो आणि रस्त्याच्या दोन बाजूंनी शाळेत जायचो. बोलायचं नाही, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. पुढे कॉलेजातही ती माझ्या मागच्या बाकावर असायची. आम्ही बारावीला असताना कोर्टाचा निकाल लागला. काकाचं लग्न ठरलंय, कुटुंबाला खोल्यांची गरज आहे, हे बाबांचं म्हणणं कोर्टाने मानलं होतं. ऐन हिवाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर मागच्यांनी टेम्पो भरला. दुसऱ्या दिवसापासून तो बाक रिकामा. आमच्याकडे त्या दिवशी गोडाचं झालं होतं. मी ते खाल्लं. काका लग्न करून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि खोल्यांना जे कुलूप लागलं ते आजतागायत.

तर अशी मी. भारताबाहेर आले ती जन्मभराची भाडेकरू होऊन. नवरा गाल्याच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, मी इथल्याच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. इथे आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर भाड्याचे नियम वाचून काढले. करार नगरपालिकेत नोंदवलेला हवा, नाहीतर बायकापोरांचा व्हिसा अडतो. नोंदणीची फी कायद्याने मालकाची, पण बरेच मालक ती भाडेकरूच्या गळ्यात मारतात. म्हातारबुवांनी ती आमच्याकडे कधी मागितली नाही. पहिली काही वर्षं भाडं वाढवता येत नाही. करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर मालकाने मुदतीच्या तीन महिने आधी कळवायचं. भाडं थकलं तर मात्र गोष्ट वेगळी. हे सगळं मला तोंडपाठ, आणि त्याची गरज कधी पडली नव्हती.

गेल्या वर्षी मुलगी बारावीत गेली. आमचा करार डिसेंबरअखेरीस संपणार होता आणि तिची बोर्डाची परीक्षा त्यानंतर लगेचच. सप्टेंबरात म्हातारबुवा आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी एक दिवस त्यांचा मुलगा आला. तो मस्कतच्याच सीब भागात राहतो, कुठल्याशा ऑफिसात आहे. भाड्याचं पाकीट मी पुढे केलं तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. "नो नो, मॅडम. लेटर. बाबा शुवय्या टायर्ड." जरासे थकलेत म्हणे.

"टायर्ड म्हणजे? तब्येत ठीक आहे ना?" मी हिंदीत विचारलं.

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला. बरं असो वा वाईट, इथे हेच उत्तर मिळतं. मग त्याने खिशातून मेजरिंग टेप काढली. माझी परवानगी घेऊन त्याने न्हाणीघराचं दार मोजलं, बाहेरच्या पायऱ्या मोजल्या, फोनवर लिहून घेतलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाला, "स्मॉल वर्क. आफ्टर. इन्शाल्ला."

तो गेला आणि मी तिथेच खुर्चीवर बसले. ऑक्टोबर उजाडला. पुन्हा कोणी आलं नाही. म्हातारबुवांचा फोन बंद. मुलाला फोन केला तर तेच, "लेटर, मॅडम, मा फी मुश्किला." अडचण नाही म्हणे! तीन महिने आधी कळवायची मुदत तर उलटून गेली होती. म्हणजे करार संपवायचा तो मार्ग त्यांना बंद. स्वतःला राहायला हवंय म्हणावं, तर वरचा मजला त्यांचाच रिकामा. आता उरला एकच. भाडं घ्यायचं नाही, थकवायचं, आणि मग थकलं म्हणून कोर्टात दाखवायचं. माझ्या डोळ्यांसमोर पेणचा पोस्टमन उभा राहिला.

नवरा म्हणाला, "येतील गं. म्हातारा माणूस आहे."

मुलगी म्हणाली, "आई, तू ओव्हरथिंक करतेयस. ते बाबा... ते आपल्याला असं नाही करणार." तिचं मराठी नेहमी असं वाटेत थांबतं. मी तिला अभ्यासाला बस म्हटलं.

शेजारच्या घरात दापोलीकडचे एक गृहस्थ राहतात, गाल्याला त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. माझ्या शंकेला त्यांनी भरपूर खतपाणी घातलं. "वहिनी, हे अर्बाब, मालक लोक, बोलायला गोड. माझ्या बाजूच्या गाळेवाल्याचं असंच झालं. चेक बँकेत टाकलेच नाहीत, आणि मग म्हणे भाडं थकलं. खलास! गेला बिचारा."

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. आई गेल्यापासून ते पेणला एकटे असतात. ऐंशी कधीच ओलांडली, पण कायद्याचा विषय निघाला की आवाजाला धार येते. आणि या विषयात त्यांच्याइतका जाणकार मला दुसरा कोण मिळणार होता?

"घेत नाही म्हणतो? दोन महिने?" बाबा म्हणाले. "अगं, सरळ आहे. केस तयार करतोय तो. तू गप्प बसू नकोस. आम्ही भाडं द्यायला तयार आहोत, असं लेखी कळव. रजिस्टर्ड पाठव आणि पोच जपून ठेव. पोच असली की कोर्टात त्याला काही करता येत नाही." जरा थांबून म्हणाले, "मागच्यांनी तेच केलं होतं. म्हणून तर इतकी वर्षं लागली मला."

मागच्यांच्या युक्तीची त्यांनी इतक्या मोकळेपणाने तारीफ केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला आधार वाटला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परस्पर टायपिंगच्या ऑफिसात गेले आणि अरबीत पत्र लिहून घेतलं. कराराचा क्रमांक, न घेतलेलं भाडं, तीन महिन्यांची मुदत, कायद्याने आम्हाला असलेले हक्क. टायपिंगवाल्याने विचारलं, "मालकाशी भांडण आहे का?" मी म्हटलं, अजून नाही. इथे टपाल घरी येत नाही, पोस्टातल्या पेटीत पडतं. करारावर मुलाच्या पेटीचा नंबर होता, तिथेच ते रजिस्टर्ड धाडलं आणि पावती पर्समध्ये ठेवली.

काही दिवसांनी मुलाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "मॅडम, व्हाय पेपर? बाबा इज व्हेरी सॅड. फ्रायडे तुम लोग इब्री आओ. बाबा बुलाता है."

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. निझवा मागे पडल्यावर रस्ता लांबच लांब पसरतो, दोन्ही बाजूंना नुसतं सपाट माळरान. नवरा गाडी चालवत होता आणि मी मनातल्या मनात उलटतपासणीची तयारी करत होते. दोन्ही महिन्यांच्या भाड्याचं पाकीट पर्समध्ये होतं, रजिस्टरची पावतीही होती. आयत्या वेळी शंकरपाळ्यांचा डबाही घेतला होता. का घेतला, ते मला सांगता येणार नाही.

म्हातारबुवा बैठकीच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून होते. पलंगाशेजारी चालायला मदत करणारी चार पायांची लोखंडी घोडी. टोपी नव्हती, विरळ पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहिले. बागेत पाय घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. फोन पडला तो पाण्याच्या पाटात. आम्हाला सांगायचं नाही असं त्यांनीच मुलाला बजावलं होतं. मुलाने त्याचं केलं 'शुवय्या टायर्ड'.

खजूर आला, कहवा आला. मुलगा दाराशी उभा राहिला. म्हातारबुवांनी मला जवळच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "मैं बोला, घर खाली करो?"

"नहीं, बाबा."

"मेरा लड़का बोला?"

"नहीं."

"फिर कागज क्यों?"

आता यांना मनीऑर्डर कशी समजावू? मी म्हटलं, "हमारे गाँव में मालिक भाडा नहीं लेता, तो उसका मतलब, घर से निकालने वाला है."

 मग त्यांना हसू आलं आणि हसताना खुब्यात कळ आली, तसा एक हात तिथे गेला. "हम नहीं लिया, क्योंकि हम लेगा. हम खुद लेगा. लड़का लेगा, तो फिर हम बौशर क्यों जाएगा? चाय किधर पिएगा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

तेवढ्यात दारातून मुलगा बोलला. त्याला राग नव्हता, पण इतके दिवस साठलेलं सांगून टाकायचं होतं. व्यायामोपचारांसाठी बाबांना काही महिने मस्कतला ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलाच्या सीबच्या घरी यायला ते तयार नाहीत, राहीन तर बौशरच्या स्वतःच्या घरात म्हणतात, आणि तिथे जिना चढता येणार नाही. म्हणून खालचा मजला हवा होता. न्हाणीघराचं दार मोजलं ते चाकाची खुर्ची आत जाईल का हे बघायला. मालकाला स्वतःला राहायला हवं असेल तर कायदा त्याच्या बाजूने आहे, वकिलाला विचारूनही झालं होतं. "बाबा सेड नो," तो म्हणाला. "गर्ल का एक्झाम है, एक्झाम तक इब्री में ही रहेगा बोलता है. तब तक पैर जाम हो गया तो?"

म्हणजे मला आला तो संशय अगदीच खोटा नव्हता. आमचं घर त्यांना खरंच हवं होतं. मागण्याचा हक्कही होता. फक्त ज्याचा हक्क होता तो मागत नव्हता. मी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून खजुराची बी बोटांत फिरवत होती, आणि मला त्या क्षणी मागच्या बाकावरची ती दुसरी मुलगी आठवली. मी कहव्याचा पेला खाली ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "हम ऊपर जाते हैं. आप नीचे आओ."

नवऱ्याने चमकून पाहिलं आणि मग लगेच मान हलवली. म्हातारबुवा म्हणाले, वरचे एसी जुने आहेत, आवाज करतात. नवरा म्हणाला, वर्कशॉपची पोरं आहेत, करून घेतो. वरचं स्वयंपाकघर लहान आहे, ते म्हणाले. चालेल, मी म्हटलं. मग त्यांनी विचार केला आणि मुलीकडे बोट दाखवलं. "इसका टेबल जाएगा सीढ़ी से? पढ़ने का टेबल?"

"जाएगा, बाबा," ती म्हणाली.

"तो खलास," म्हातारबुवा म्हणाले. त्यांनी मुलाला अरबीत काहीतरी भराभर सांगितलं. वरच्या मजल्याचा नवा करार करायचा, नगरपालिकेत नोंदवायचा, फी आपण भरायची. ते मला कळावं म्हणून 'बलदिया' हा नगरपालिकेचा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मग माझ्यापुढे तळहात पसरला. मी पाकीट काढून त्यावर ठेवलं. नेहमीप्रमाणे न मोजता त्यांनी ते घेतलं आणि खिसा नव्हता म्हणून उशीखाली सारलं. शंकरपाळ्यांचा डबा मात्र मांडीवरच ठेवला.

नोव्हेंबरात आम्ही वर गेलो. टेबल जिन्यातून जाईना. वर्कशॉपच्या पोरांनी पाय काढून वर नेलं आणि पुन्हा बसवलं. खाली न्हाणीघराचं दार रुंद झालं, पायऱ्यांवरून उतार आला. दापोलीकरांनी न्हाणीघरासाठी न घसरणाऱ्या टाइल्स आणून दिल्या, आणि आपण आधीपासूनच या म्हाताऱ्याला ओळखून होतो, असंही सांगितलं. आता भाडं द्यायला मी खाली जाते. चहा मीच करून नेते, आणि बेल न वाजवता टकटक करते.

सामान लागल्यावर त्या रविवारी बाबांना फोन केला. ते वाटच बघत होते.

"काय झालं? पोच मिळाली का?"

मी सगळं सांगितलं. पडण्याचं, खुब्याचं, चाकाच्या खुर्चीचं, आम्ही वर आणि ते खाली आल्याचं. मधे ते एकदाही बोलले नाहीत. एरवी बाबा दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नाहीत.

"कायदा त्याच्या बाजूने होता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो. आणि गरजही खरी होती."

"आणि भाडं? राहिलेलं भाडं घेतलं त्याने?"

"घेतलं."

"हातात?"

"हो, बाबा. हातात."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. 

"त्या मागच्या मुलीने," बाबा म्हणाले, "दिली का गं परीक्षा, त्या वर्षी?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिचा विषय कधी काढला नव्हता. मीही काढला नव्हता. आतल्या खोलीतून माझ्या मुलीचा पाठांतराचा पुटपुटता आवाज येत होता.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"तुमच्या वर्गातल्या कोणाला तरी ठाऊक असेल. विचारून बघशील?"

"बघते," म्हटलं.